तारापूरचं पुढे काय? कॅगचा एक निष्कर्ष आणि त्यात न मावलेली जागा

संशोधनाचा आराखडा लिहिताना आपण बहुतेक जण एक गोष्ट हमखास करतो. एखाद्या सरकारी अहवालात एक दणदणीत वाक्य सापडतं. ते आपण प्रस्तावनेत टाकतो, खाली संदर्भ देतो आणि त्याच्यावरच सगळा डोलारा उभा करतो. मीही हेच केलं होतं. माझं वाक्य होतं कॅगच्या अहवालातलं: देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे, अगदी तीस वर्षं चाललेल्या आणि बंद पडलेल्या केंद्रांकडेही, डिकमिशनिंगचा आराखडा नाही.

आता एवढं वाक्य हाती लागल्यावर संशोधनाची समस्या तयारच झाली ना? मलाही तसंच वाटलं. सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "समजा, आराखडा असता. मग तुमचा प्रश्न संपला असता का?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी अहवाल नीट वाचलेलाच नव्हता, त्यातलं फक्त वाक्य उचललं होतं. नंतर तो तीनदा वाचला. आज त्या वाचनातून काय निघालं ते सांगते. तुमच्यापैकी जे पेट देऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेत, त्यांनी विषय कुठलाही असो, हे एकदा वाचाच. कारण चूक अणुऊर्जेची नव्हती, वाचण्याची होती.

आधी जागा बघू

तारापूर अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठावर आहे. (जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्याआधीच्या सगळ्या कागदांत "ठाणे" शोधा.) पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून त्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. भारतातल्या या पहिल्या अणुवीज भट्ट्या. क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट होती. पुढे दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळायला लागल्या, ती यंत्रं बाजूला काढावी लागली आणि 1980 च्या दशकात क्षमता प्रत्येकी 160 मेगावॉटवर आणली गेली.

2005-06 च्या सुमाराला मोठं नूतनीकरण झालं. दोन्ही संचांमध्ये सामाईक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या केल्या, आणीबाणीचे डिझेल जनरेटर नवे घातले, पूरक नियंत्रण कक्ष उभारला. त्याच काळात शेजारी 540 मेगावॉटचे दोन नवे संच सुरू झाले: चौथा 2005 मध्ये आणि तिसरा 2006 मध्ये. हो, चौथा आधी. या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2020 मध्ये जुने दोन्ही संच पाइप बदलण्याच्या मोठ्या कामासाठी थांबवले गेले. इरादा होता त्यांना आणखी काही वर्षं चालवण्याचा.

म्हणजे पन्नाशी ओलांडलेली यंत्रं, त्यांच्या कुशीत तरुण यंत्रं आणि भोवती माणसं. एवढं चित्र डोक्यात ठेवा. आता अहवालाकडे येऊ.

अहवाल काय म्हणतो

हा अहवाल 2012-13 चा क्रमांक 9. विषय: अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं कामकाज. ऑगस्ट 2012 मध्ये तो संसदेत मांडला गेला. फुकुशिमाची दुर्घटना मार्च 2011 ची, त्यामुळे लोकांचं सगळं लक्ष अपघात आणि नियामकाच्या स्वायत्ततेकडे होतं. डिकमिशनिंगचं प्रकरण तसं मागच्या बाकावर बसलं.

त्या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात तीन मुद्द्यांत येतं. एक: एईआरबीने 1998 मध्ये डिकमिशनिंगची नियमपुस्तिका काढली आणि तेरा वर्षं उलटली तरी एकाही केंद्राचा आराखडा झाला नाही. दोन: 1962 चा अणुऊर्जा कायदा किंवा 2004 चे किरणोत्सार संरक्षण नियम यांत केंद्र चालवणाऱ्याने डिकमिशनिंगसाठी राखीव निधी उभा करावा अशी तरतूद नाही. तीन: एईआरबीची भूमिका संहिता आणि मार्गदर्शिका काढण्यापुरतीच राहते. पुढे डिसेंबर 2013 मध्ये लोकलेखा समितीनेही आपल्या 90 व्या अहवालात हा सगळा विषय तपासला. तेव्हा समितीचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी होते.

इथे पहिला धडा: अहवालाची तारीख विसरू नका. हे निष्कर्ष 2012 चे आहेत. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने "शांती" विधेयक मंजूर केलं आणि 1962 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. तरीही तुम्ही आराखड्यात "कायद्यात तरतूद नाही" असं वर्तमानकाळात लिहिलं, तर पहिल्याच पानावर पकडले जाल. "2012 मध्ये कॅगला तरतूद आढळली नाही" असं लिहा. एका क्रियापदाचा फरक आहे, पण परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

अहवालाचं श्रेय

टीका करायच्या आधी श्रेय देऊ. समीक्षा म्हणजे चुका काढणं, असा आपल्याकडे उगाच समज आहे.

अणुऊर्जा खात्याचे कागद सहजासहजी बाहेर येत नाहीत. अशा खात्याला एका घटनात्मक संस्थेने जाहीरपणे विचारलं, "हे म्हातारं झाल्यावर काय करणार, ते कुठे लिहून ठेवलंय?" हे लहान काम नाही. शिवाय प्रश्न अचूक आहे. वीजनिर्मितीच्या हिशेबात सुरुवातीचा खर्च दिसतो, इंधन दिसतं, शेवट दिसत नाही. कॅगने शेवटाकडे बोट दाखवलं. त्यामुळेच तो अहवाल इतक्या लेखांत, प्रबंधांत आणि अग्रलेखांत उद्धृत होतो.

माझी तक्रार पुढची आहे. उद्धृत करता करता आपण सगळ्यांनी कॅगची मोजपट्टीसुद्धा उचलली. ती मोजपट्टी लेखापरीक्षकाची आहे. लेखापरीक्षक दोन गोष्टी तपासतो: कागद आहे का, आणि पैसा आहे का. दोन्ही महत्त्वाचे. पण तारापूरच्या भविष्याचा प्रश्न तिसऱ्या गोष्टीचा आहे: जागेचा. तो या मोजपट्टीत मावत नाही. एकेक करून बघू.

कागद: आराखडा असला की काय मिळतं?

डिकमिशनिंग म्हणजे "बंद करणं" असं आपण सहज म्हणतो. तसं ते नाही. बंद करणं म्हणजे साखळी प्रक्रिया थांबवणं, ते तर दुरुस्तीसाठीही करतात. डिकमिशनिंग म्हणजे त्यानंतरचं सगळं: इंधन बाहेर काढणं, यंत्रं धुणं, कापणं, कचऱ्याची वर्गवारी करून तो हलवणं, इमारती पाडणं किंवा राखणं आणि शेवटी ती जागा कुणाला कोणत्या अटींवर वापरता येईल हे ठरवणं.

यात मुख्य रस्ते दोन. लगेच सोडवून टाका, किंवा कुलूप लावून काही दशकं थांबा. थांबण्यामागे खरं शास्त्र आहे. अणुभट्टीच्या पोलादात कोबाल्ट-60 तयार होतो. त्याचं अर्धायुष्य साधारण 5.27 वर्षं. पन्नास वर्षं थांबलात तर साडेनऊ अर्धायुष्यं उलटतात आणि त्याचा किरणोत्सार मूळच्या साधारण सातशेव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे कापणाऱ्या कामगाराला धोका खूप कमी. तेव्हा कुणी "थांबू" म्हणालं की लगेच त्याला आळशी ठरवू नका.

पण ठरवून थांबणं आणि न ठरवता थांबून राहणं यात फरक आहे. राजस्थानात रावतभाट्याचा पहिला संच 2004 पासून थांबलेला आहे. आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण तेच. तो "चालू" नाही आणि "डिकमिशन होतोय" असंही वर्षानुवर्षं म्हणता आलं नाही. या मधल्या अवस्थेत एखादी जागा किती वर्षं राहू शकते? राहिली तर तो निर्णय कोणी घेतला असं समजायचं? कॅग म्हणतो आराखडा नाही. बरोबर. पण उद्या फाइलीत चाळीस पानी आराखडा आला आणि त्यात "योग्य वेळी सोडवू" एवढंच लिहिलं, तर लेखापरीक्षणाचा आक्षेप निघून जाईल आणि जागा होती तिथेच राहील. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

पैसा: दोन पैशांचा हिशेब

अणुविजेच्या दरात डिकमिशनिंगसाठी प्रति युनिट 2 पैसे धरले जातात. हा आकडा सगळे लिहितात, पण तो गुणून कुणी बघत नाही. आपण बघू. कॅल्क्युलेटर काढा.

जुन्या दोन संचांची क्षमता मिळून 320 मेगावॉट. वर्षाचे 8760 तास. समजा 80 टक्के क्षमतेने चालले. मग वर्षाला साधारण 224 कोटी युनिट वीज झाली. प्रत्येकी 2 पैसे म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार कोटी रुपये. पन्नास वर्षं अगदी न थांबता असं चाललं, तरी व्याज सोडून सव्वादोनशे कोटींच्या आसपास.

हे प्रत्यक्ष जमा झालेले पैसे आहेत असं मी म्हणत नाही, हा फक्त अंदाजाचा गुणाकार आहे. आणि निधी देशपातळीवर एकत्र असतो, फक्त तारापूरचा वेगळा गल्ला नसतो. तरी प्रमाण कळतं. अमेरिकेत एका अणुभट्टीच्या डिकमिशनिंगचे पन्नास कोटी डॉलरच्या आसपासचे अंदाज नेहमी दिसतात. आता लगेच "बघा, किती कमी!" असं लिहायला धावू नका. आपल्याकडची मजुरी वेगळी, यंत्र लहान, कचरा ठेवण्याची सोय त्याच आवारात. थेट तुलना केलीत तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाही.

मला खटकलेली गोष्ट दुसरीच आहे. हा आकार वीजनिर्मितीवर आहे. भट्टी चालली तर पैसे जमतात, थांबली तर थांबतात. म्हणजे यंत्र जितकं जुनं, जितकं दुरुस्तीला जास्त उभं, तितकी त्याच्या शेवटाची बचत कमी. 2020 नंतर संच उभे असताना राखणदारी, थंडावा, सुरक्षा यांचा खर्च चालूच असतो, त्या संचांवर दोन पैसे मात्र जमत नाहीत. तरुणपणी कमावलेल्यावर म्हातारपण काढायचं हे आपल्या घरांतही चालतं. पण तिथे दुखणं लांबलं की कोण भरणार हे घरात कुणीतरी बोललेलं असतं. कॅगने निधीच्या तरतुदीबद्दल विचारलं, ते योग्यच. निधी जमवण्याची पद्धतच म्हातारपणाच्या उलट दिशेने चालते का, हा पुढचा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यावा असा आहे.

जागा: इथे अहवाल संपतो

डिकमिशनिंगच्या साहित्यात एक लाडका शब्द आहे: ग्रीनफिल्ड. सगळं काढून झालं, जमीन पूर्वीसारखी झाली, गवत उगवलं. आराखडा आणि पैसा यांची चर्चा करताना शेवटी हेच चित्र मनात असतं. तारापूरला ते लागू पडतं का?

आवारात काय काय आहे ते मोजू. संच 1 आणि 2. त्यांना लागून संच 3 आणि 4, जे 2005-06 चे आहेत आणि अजून कित्येक वर्षं चालणार आहेत. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना, जो 1970 च्या दशकातला, आणि त्याचा नवा भाऊ जानेवारी 2011 मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला. किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करण्याची सोय. आणि भट्टीबाहेर वापरलेलं इंधन साठवण्याचे तलाव, ज्यांचा उल्लेख 2006 च्या नागरी-लष्करी विभाजन आराखड्यात स्पष्ट आहे.

या इंधनाची गोष्ट तर वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. 1963 च्या करारानुसार इंधन अमेरिकेचं होतं. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचे कायदे कडक झाले, पुरवठा अडला, मग फ्रान्स आला, पुढे चीन, मग रशिया. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची तर दोन्ही देशांची संमती हवी होती, त्यावर एकमत झालं नाही. म्हणून ते तारापूरलाच साठत राहिलं. वॉशिंग्टन आणि दिल्लीत जे ठरलं नाही, ते पालघरच्या किनाऱ्यावर पाण्याखाली ठेवलं गेलं.

तर मग जुने दोन संच उद्या संपूर्ण सोडवले, तरी ती जमीन मोकळी होत नाही. आवाराची भिंत तिथेच राहते. जगातलं एक यशस्वी मानलं गेलेलं उदाहरण बघा. अमेरिकेत मिशिगन राज्यात बिग रॉक पॉइंट नावाची छोटी अणुभट्टी होती, तारापूरसारखीच उकळत्या पाण्याची, जनरल इलेक्ट्रिकचीच. 1962 ते 1997 चालली. सगळं काढून 2007 मध्ये बहुतेक जमीन निर्बंधमुक्त जाहीर झाली. पण वापरलेल्या इंधनाची पिंपं काँक्रीटच्या चौथऱ्यावर पहाऱ्यात उभीच राहिली, कारण न्यायची कुठे हे देशाने ठरवलं नव्हतं. तिथे शेजारी दुसरी भट्टी नव्हती, पुनर्प्रक्रियेचा कारखाना नव्हता, तरी ही गत. तारापूरला तर हे सगळं आहे.

आता नकाशावर वर्तुळं काढा. जुन्या निकषांनुसार अणुवीज केंद्राभोवती 1.6 किलोमीटरपर्यंत वस्ती नको, 5 किलोमीटरपर्यंत नव्या वाढीवर नियंत्रण आणि 16 किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन. घिवलीसारखी मच्छीमारांची गावं अगदी कुंपणाजवळ. बोईसर आणि तिथली एमआयडीसी सोळा किलोमीटरच्या आत. उत्तरेला डहाणू तालुक्यात वाढवण बंदर, ज्याची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. 1960 च्या दशकात जागा निवडली तेव्हा हा किनारा विरळ वस्तीचा होता. आज वर्तुळं तीच आहेत आणि आतलं सगळं बदललंय.

ही वर्तुळं कशी काढायची याचे नियम आहेत. कॅगच्या अहवालातही आपत्कालीन सज्जतेचं प्रकरण आहे. डिकमिशनिंगचं प्रकरण वेगळं आहे. ही दोन प्रकरणं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून एक साधा प्रश्न मधल्या फटीत पडतो: वर्तुळ पुसायचं कधी? भट्टी थांबली तेव्हा? इंधन तलावातून हललं तेव्हा? की शेजारचे संच 3 आणि 4 थांबतील तेव्हा? पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसासाठी "तारापूरचं भविष्य" म्हणजे हाच प्रश्न. घर वाढवायचं का, मुलाने होडी घ्यायची की बोईसरला कंपनीत लागायचं, समुद्रातली बंदी घातलेली पट्टी कधी खुली होणार, हे त्यावर ठरतं. आणि ज्यांचं गावच उठलं, त्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांसाठी तर अजून एक: जमीन ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं, की जमिनीचं काय?

पारस आणि जिगावहून बघितलं तर

तुम्ही म्हणाल, बुलढाण्यात बसून पालघरची चिंता कशाला? मलाही घरी हेच विचारलं गेलं. उत्तर आपल्या शेजारीच आहे.

शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालात की पारस लागतं. तिथले औष्णिक केंद्राचे जुने संच कधीच निवृत्त झाले, त्यांच्या ठिकाणी 250 मेगावॉटचे दोन नवे संच आले. राख मात्र राख बंधाऱ्यात राहते, यंत्रासोबत निवृत्त होत नाही. आणि जिगाव तर आपल्या जिल्ह्यातच, नांदुरा तालुक्यात, पूर्णेवर. तिथे धरण पूर्ण व्हायच्या आधी गावांनी किती वर्षं "उठणार, उठणार" ऐकत काढली हे तुम्हाला मी सांगायला नको. पडक्या भिंतीची डागडुजी करावी की नको हे न कळता एक पिढी निघून जाते. प्रकल्पाच्या सुरुवातीला ही अवस्था आपल्याला ओळखीची आहे. तारापूर तीच अवस्था प्रकल्पाच्या शेवटाला दाखवतं. हे आपल्याला दिसू शकतं, कारण आपण ते जवळून पाहिलंय. वऱ्हाडातून आलोय म्हणून न्यूनगंड बाळगू नका, तेच आपलं भांडवल आहे.

अहवालाच्या बाजूने दोन शब्द

आता माझ्याच टीकेवर आक्षेप घेते, कारण तोंडी परीक्षेत कुणीतरी घेणारच.

पहिला आक्षेप: कॅगचं काम लेखापरीक्षणाचं. त्याने गावाचं समाजशास्त्र का करावं? अगदी बरोबर. अहवालाने जे केलं नाही त्याबद्दल मी अहवालाला दोष देत नाही. दोष त्यांचा, म्हणजे आपला, ज्यांनी लेखापरीक्षणाचा निष्कर्ष उचलून तो संपूर्ण समस्येच्या जागी बसवला. आराखडा नाही हे लक्षण आहे, आपण त्यालाच आजार समजलो.

दुसरा आक्षेप: यंत्र दुरुस्त होऊन सुरक्षितपणे चालत असेल, तर आत्ताच शेवटाची चर्चा कशाला? हाही आक्षेप हलका नाही. वय वाढलं म्हणजे धोकादायकच, असं म्हणता येत नाही. 2005-06 चं नूतनीकरण आणि फुकुशिमानंतरची तपासणी नियामकाच्या देखरेखीखालीच झाली. पण आयुष्य वाढवण्याचा प्रत्येक निर्णय शेवट पुढे ढकलतो आणि तो यंत्राच्या तपासणीवर घेतला जातो. वर्तुळातल्या माणसाचा थांबण्याचा काळही त्याच निर्णयाने वाढतो, पण ती वाढ कुठल्याच तक्त्यात येत नाही. चर्चा आत्ताच हवी ती यासाठी.

मग तुम्ही काय करायचं?

माझा बदललेला संशोधन प्रश्न आता असा आहे: तारापूरच्या जुन्या संचांचा शेवट पुढे ढकलला जाताना पाच किलोमीटरच्या आतल्या गावांनी जमीन, घर आणि मासेमारीबद्दल कोणते निर्णय घेतले किंवा थांबवून ठेवले? यासाठी मला गुप्त कागद लागत नाहीत. भूसंपादनाची राजपत्रं, सातबारा आणि फेरफार, ग्रामपंचायतीचे ठराव, उच्च न्यायालयाचे आदेश आणि लोकांशी बोलणं, एवढ्यावर काम सुरू होतं. माहिती अधिकारात अर्ज टाकताना भट्टीबद्दल विचारलंत तर सुरक्षेचं कारण पुढे येण्याची शक्यता जास्त. ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत मागितलीत तर ते कारण देणं अवघड. प्रश्न बदलला की पुराव्याचं दारही बदलतं, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्या विषयात दणदणीत वाक्य सापडलं की कागदावर चार ओळी लिहा:

1. हे वाक्य कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या कामासाठी लिहिलं?
2. त्याने काय मोजलं? कागद, पैसा, माणसं की यंत्र?
3. त्याने सुचवलेलं सगळं उद्या झालं, तरी माझा प्रश्न उरतो का?
4. उरत असेल, तर उरलेल्या भागाचा पुरावा कुणाच्या घरात, कुणाच्या दप्तरात आहे?

तिसऱ्या ओळीला "नाही, उरत नाही" असं उत्तर आलं तर विषय बदला. तो प्रश्न अहवालाचा आहे, तुमचा नाही. "उरतो" असं आलं, तर सिनॉप्सिसचं पहिलं पान तिथूनच लिहायला घ्या. आणि अहवालातलं ते वाक्य? ते ठेवा की. फक्त ते प्रस्तावनेतून काढून पूर्वसाहित्याच्या आढाव्यात हलवा. माझं मी तिथेच ठेवलंय.